जोडीदाराची नोकरी गेल्यावर घर कसे सांभाळावे? सीमाभागातील मराठी कुटुंबांचे नेहमीचे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेतली फौंड्री (ओतकामाचा कारखाना) असो, होनग्याचा कारखाना असो, वडगाव-खासबागेतला यंत्रमाग असो की निपाणीकडची तंबाखूची वखार, काम सुटल्याची बातमी ज्या संध्याकाळी घरात येते त्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाच्या मनात वेगवेगळे प्रश्न उभे राहतात आणि बहुतेक वेळा ते कोणी कोणाला विचारत नाही. माझ्या पतीची फौंड्रीतली नोकरी गेली तेव्हा आमच्या घरीही तेच झाले. त्यानंतर नात्यातल्या आणि गल्लीतल्या अनेक बायका माझ्याकडे येऊन जे विचारत गेल्या, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची मला देता येतील तेवढी नेमकी उत्तरे येथे लिहिली आहेत.

नोकरी गेल्याचे घरात केव्हा सांगावे?

त्याच दिवशी सांगावे. निदान नवरा-बायकोने एकमेकांपासून ही गोष्ट एक रात्रही लपवू नये.

माझ्या पतीने ती अकरा दिवस लपवली. रोज सकाळी साडेसातला डबा घेऊन ते बाहेर पडत, किल्ला तलावाच्या काठी बसून राहत आणि शिफ्ट सुटायच्या वेळी घरी परतत. डबा रिकामा येत असे, त्यामुळे मला संशय आला नाही. संशय आला तो कपडे भिजवताना. फौंड्रीत काम करणाऱ्याचे शर्ट बादलीत टाकले की त्या काळ्या वाळूने पाणी लगेच काळे होते, आणि लग्नापासून मी तेच पाहत आले होते. त्या आठवड्यात बादलीतले पाणी स्वच्छ राहिले. मी विचारले तेव्हा ते खाली बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्या अकरा दिवसांत आमचे दुहेरी नुकसान झाले. हाती नोकरी आहे असे समजून मी फ्रीजचा हप्ता सुरू केला होता, आणि हिशेबाचे जे कागद कारखान्यातून पहिल्या आठवड्यातच मागायला हवे होते ते मागितलेच गेले नाहीत. पण त्याहून मोठे नुकसान त्यांच्या मनाचे झाले, कारण खोटे टिकवण्यासाठी माणूस दिवसभर जेवढा झटतो तेवढ्या श्रमात दोन ठिकाणी अर्ज देऊन होतात. ज्या जोडीदाराला ही बातमी सांगितली जाते त्याने पहिल्या दिवशी "आता कसे होणार?" हा प्रश्न तोंडातून काढू नये. त्याचे उत्तर समोरच्याकडेही नसते, आणि तो तोच प्रश्न पोटात घेऊन घरी आलेला असतो. जेवायला वाढावे, जवळ बसावे आणि पैशाचे बोलणे दुसऱ्या दिवशी सकाळी वही समोर घेऊन करावे.

कारखान्यातून निघताना कोणत्या कागदावर सही करावी आणि कोणत्यावर करू नये?

आपल्या भागात पुष्कळांना कामावरून काढले जात नाही, तर त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला जातो. "तुझ्याच भल्यासाठी सांगतो, दुसरीकडे नोकरी मिळायला अडचण येणार नाही," असे म्हणून समोर ठेवलेला कागद इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतो आणि त्यात आपण स्वेच्छेने काम सोडत असल्याचे लिहिलेले असते. स्वेच्छेचा राजीनामा दिला की कामगार कपातीची भरपाई आणि नोटिशीचा पगार मागण्याचा पाया ढासळतो. म्हणून जो मजकूर स्वतःला पूर्ण वाचता येत नाही त्यावर तिथल्या तिथे सही करू नये. "घरी दाखवून उद्या देतो," असे सांगण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. सही करावीच लागली तर त्या दिवसाची तारीख स्वतःच्या हाताने घालावी आणि कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.

निघताना नेमणूकपत्र, शेवटच्या काही महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, अनुभवाचा दाखला, भविष्यनिर्वाह निधीचा म्हणजे पीएफचा यूएएन हा कायमचा क्रमांक आणि ईएसआयचा म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा विमा क्रमांक जवळ आहेत ना, हे पाहावे. कारखाना पुढे बंद पडला आणि मालकाचा ठावठिकाणा राहिला नाही, तर हेच कागद उपयोगी येतात.

कारखान्याकडून कोणकोणते पैसे येणे असतात?

शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, त्या वर्षाचा बोनस आणि पात्र असल्यास ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांवर निघताना मिळणारी एकरकमी रक्कम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार माणसाला काढले असो, कपातीत बसवले असो किंवा त्याने राजीनामा दिला असो, त्याचे राहिलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावे लागते. "पुढच्या महिन्यात या," हे उत्तर ऐकून परत येणाऱ्यांनी ही तरतूद तोंडपाठ ठेवावी.

पाच वर्षे सलग नोकरी झालेल्या कायम कामगाराला ग्रॅच्युइटी मिळते, आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या करारावरील कामगारासाठी ही अट एका वर्षावर आली आहे. हिशेब सोपा आहे. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला १५ ने गुणावे, २६ ने भागावे आणि जितकी वर्षे नोकरी झाली तितक्यांनी पुन्हा गुणावे. ही बेरीज १५,६०० रुपये असेल तर एका वर्षाचे ९,००० रुपये होतात, आणि आठ वर्षांची नोकरी असेल तर ७२,००० रुपये. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून अधिक काम झाले असेल तर ते पूर्ण वर्ष धरले जाते. आमच्या घरी हा हिशेब पाटीवर मांडला तेव्हा कारखान्याने दिलेला आकडा एका वर्षाने कमी असल्याचे लक्षात आले, आणि लेखी अर्ज दिल्यावर तो दुरुस्त झाला.

वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीत काढायचे असेल तर त्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. तो मिळत नसेल तर कामगार खात्याच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. वकील परवडणार नाही म्हणून गप्प बसू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून औद्योगिक कामगाराला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो, आणि त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

ते ठेकेदारामार्फत कामाला होते. त्यांना काही मिळते का?

मिळते. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य कारखान्यावर येते. गेटपास, हजेरीचे कार्ड, बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी, असे जे जे काही आहे ते फेकू नये.

पीएफचे सगळे पैसे काढून घ्यावेत का?

मला विचाराल तर गरज पडेल तेवढेच काढावेत. बेरोजगारीच्या काळात या खात्यातून रक्कम काढता येते, अर्ज ऑनलाइन होतो आणि त्यासाठी आधार, बँक खाते आणि पॅन यूएएनशी जोडलेले असावे लागतात. बरेच अर्ज अडकतात ते नोकरी सोडल्याची तारीख कारखान्याने भरलेली नसल्यामुळे. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख कामगाराला स्वतःच पोर्टलवर भरता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि ते उगाच गेटवर खेटे घालत राहतात.

एकूण नोकरी पाच वर्षांहून कमी असताना पैसे काढले तर त्यावर प्राप्तिकर लागू शकतो. दहा वर्षे पूर्ण झाली असतील तर पुढे निवृत्तिवेतनाचा हक्क तयार झालेला असतो. दहाला थोडीच वर्षे कमी असतील तर निवृत्तिवेतनाच्या भागाला हात न लावता त्याचे योजना प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे पुढच्या नोकरीची वर्षे त्यात मिळवता येतात. एका हाताने पीएफ काढून दुसऱ्या हाताने भावकीतल्या लग्नाचा आहेर केलेली घरे मी पाहिली आहेत आणि मला त्याचे फार वाईट वाटते.

ईएसआयचे उपचार लगेच बंद होतात का?

नाही. मासिक पगार २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या कामगारांची वर्गणी ईएसआयकडे जात असते आणि उपचाराचा हक्क त्या वर्गणीच्या काळावर ठरतो. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत भरलेल्या वर्गणीवर पुढचा जानेवारी ते जून हा काळ मिळतो, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. म्हणजे फेब्रुवारीत नोकरी गेली म्हणून सासूबाईंच्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या विकत आणण्याची घाई करण्याचे कारण नाही.

याच महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. तिच्या अटी पूर्ण होत असतील तर सरासरी दैनंदिन वेतनाच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच मिळते. ही योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून काम सुटल्यावर लवकर शाखा कार्यालयात जाऊन चौकशी करावी. कंपनीने काढलेला आरोग्यविमा मात्र बहुधा नोकरीच्या शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. तो ज्यांच्या आधारावर होता त्यांनी आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेचे कार्ड त्याच आठवड्यात काढून घ्यावे, कारण दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला त्यात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात.

घरखर्चाची घडी कशी बसवावी?

वही घ्यावी आणि दोघांनी मिळून बसावे. एकट्याने हिशेब करून दुसऱ्याला निर्णय सांगितला तर तो हुकूम वाटतो, आणि नोकरी गेलेल्या माणसाला त्या दिवसांत हुकूम फार लागतात. पहिल्या पानावर हातातली रक्कम लिहावी, म्हणजे बँकेतली शिल्लक, पिग्मीत म्हणजे दारात येऊन गोळा होणाऱ्या रोजच्या बचतीत साठलेले पैसे, भिशी किती भरली आहे आणि ती उचलली आहे की नाही, आणि कारखान्याकडून येणे असलेली रक्कम. दुसऱ्या पानावर ज्याशिवाय महिना जात नाही ते लिहावे. तांदूळ-ज्वारी, दूध, गॅस, घरभाडे, औषधे, मुलांची शाळा. पहिल्या पानाला दुसऱ्या पानाने भागले की किती महिने तग धरता येईल ते कळते, आणि ते कळल्यावर निम्मी भीती कमी होते असा माझा अनुभव आहे.

पिग्मीविषयी थोडे अधिक सांगते, कारण आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात ती असते. रोज संध्याकाळी पिग्मीवाला दारात येतो आणि त्याला "आज नको" म्हणण्याची लाज वाटते म्हणून लोक उसने घेऊन पन्नास रुपये भरतात. त्याला स्पष्ट सांगावे की काम सुटले आहे, रक्कम दहा रुपयांवर आणायची आहे किंवा काही दिवस थांबवायची आहे. आमचा पिग्मीवाला हे ऐकून दोन मिनिटे पायरीवर बसला आणि एका वर्कशॉपमध्ये टर्नर हवा असल्याचे त्यानेच सांगितले. ज्याचा रोज शंभर दारांशी संबंध येतो त्या माणसापासून लपवून आपण आपलीच एक वाट बंद करत असतो.

खर्च कापताना स्वस्तातला विमा कापू नये. वर्षाला ४३६ रुपयांची प्रधानमंत्री जीवनज्योती आणि २० रुपयांची सुरक्षा विमा योजना या दोन्हींतून प्रत्येकी २ लाखांचे संरक्षण मिळते, आणि खात्यात शिल्लक नसल्यामुळे त्या बंद पडल्या तर ऐन गरजेच्या वर्षात घर उघडे पडते.

कर्जाचे हप्ते थकले तर काय होईल?

हप्ता थकण्यापूर्वी बँकेत किंवा पतसंस्थेत जावे. ९० दिवस थकबाकी राहिली की खाते बुडीत वर्गात जाते आणि त्यानंतर शाखेतल्या अधिकाऱ्याच्याही हातात फारसे काही राहत नाही. त्याआधी कामावरून कमी केल्याचे पत्र दाखवून मुदत वाढवून हप्ता लहान करून मागता येतो. शिफारस मागायला कोणाकडे जायची गरज नाही, साधा अर्ज लिहावा आणि पोच घ्यावी.

खरी भीती असते ती बायकांच्या गटांमार्फत घेतलेल्या लहान कर्जांची. दर आठवड्याला वसुलीची बैठक असते, एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या नऊ जणींवर येतो आणि गल्लीत बोलणे होते. कर्नाटकात २०२५ मध्ये सूक्ष्म कर्जवसुलीतील जबरदस्तीविरुद्ध कायदा झाला आहे, आणि दारात बसून राहणे, धमकावणे, घरातली वस्तू उचलून नेणे हे त्यात गुन्हे आहेत. त्यासाठी १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची शिक्षा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा लहान कर्जांच्या वसुलीवाल्याला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोनही करता येत नाही. याचा अर्थ कर्ज माफ झाले असा नाही. घेतलेले फेडायचेच आहे, पण अपमान सोसून फेडायचे नाही. गटातल्या बायकांना आपणहून खरे सांगितले तर त्यातल्या दोघी-तिघी तरी मागे उभ्या राहतात. जुने कर्ज फेडायला दुसऱ्या कंपनीकडून नवे कर्ज मात्र कधीही काढू नये, आणि मोबाईलवर पाच मिनिटांत पैसे देणाऱ्या ॲपकडे तर वळूच नये.

सोने गहाण ठेवावे की विकावे?

आधी गहाण ठेवावे, तेही बँकेत किंवा ओळखीच्या पतसंस्थेत, आणि व्याजाचा दर व मुदत कागदावर पाहून. किती ग्रॅम ठेवतो यापेक्षा दर महिन्याला व्याज भरू शकू का हे महत्त्वाचे आहे, कारण व्याज साचले की सोडवणे हाताबाहेर जाते. मंगळसूत्र किंवा गंठण शेवटी ठेवावे. कोणाचा दागिना ठेवायचा हे त्या दागिन्याच्या मालकिणीलाच ठरवू द्यावे. आमच्या घरी सासूबाईंनी स्वतः ट्रंकेतून बोरमाळ काढून माझ्या ओंजळीत ठेवली. मी मागितली असती तर ते वेगळे झाले असते.

कर्नाटक सरकारच्या योजनांचा आधार मिळतो का?

काही प्रमाणात मिळतो. गृहलक्ष्मी योजनेतून कुटुंबप्रमुख स्त्रीच्या खात्यात महिन्याला २,००० रुपये येतात, मात्र प्राप्तिकर किंवा जीएसटी भरणाऱ्या कुटुंबाला ते मिळत नाहीत. गृहज्योतीत २०० युनिटपर्यंतच्या विजेची सवलत आहे. शक्ती योजनेमुळे स्त्रियांना राज्याच्या साध्या बसमधून राज्यात फुकट प्रवास करता येतो, त्यामुळे कार्यालयांच्या फेऱ्या घरातल्या स्त्रीने माराव्यात हा साधा हिशेब आहे. युवानिधीविषयी गैरसमज फार आहे. ती नुकत्याच पदवी किंवा पदविका झालेल्या मुलांसाठी आहे, नोकरी गेलेल्या प्रौढ माणसासाठी नाही.

मुलांना सांगावे का?

सांगावे, त्यांच्या वयाला झेपेल एवढे. मुलांना घरातला बदललेला आवाज ऐकू येतो आणि कारण कळले नाही तर ती स्वतःलाच दोष देतात. "बाबांचे काम सुटले आहे, ते दुसरे शोधत आहेत, तुझी शाळा चालू राहील, या वर्षी सहलीला मात्र जमणार नाही," इतके पुरे. फीसाठी मुख्याध्यापकांना पालकांनी स्वतः भेटून हप्ते मागावेत, चिठ्ठी मुलाच्या हाती देऊ नये. दहावीचे वर्ष असेल तर शाळा बदलू नये. खालच्या इयत्तांसाठी मात्र आपल्या गावातल्या सरकारी मराठी शाळेकडे पाठ फिरवण्याचे मला काही कारण दिसत नाही, तिथे दुपारचे जेवण आणि दूधही मिळते.

यात्रा तोंडावर आली आहे. पाहुण्यांना बोलवायचे नाही तर लोक काय म्हणतील?

हा प्रश्न बाहेरच्याला लहान वाटेल, पण आपल्याकडे तो मोठा आहे. वडगावची मंगाई यात्रा असो की एखाद्या गावात बऱ्याच वर्षांनी भरणारी लक्ष्मी यात्रा, सगळे पाहुणे जेवायला येतात, बकरे ठरलेले असते, लेकींना साड्या नेसवायच्या असतात, आणि चांगल्या दिवसांतही लोक त्यासाठी कर्ज काढतात. नोकरी नसलेल्या वर्षी ते काढू नये. देवीची ओटी भरावी, नैवेद्य दाखवावा आणि जवळच्या पाहुण्यांना आधीच फोन करून खरे कारण सांगावे. आम्ही तसे केले तेव्हा चंदगडकडची माझी मोठी नणंद दुखावली नाही. ती यात्रेच्या दिवशी स्वतःच डबा भरून घेऊन आली आणि सगळे एका पंगतीला बसले. भावकीत एखाद-दुसरा बोलतोच, त्याला उत्तर देत बसू नये.

वडीलधाऱ्यांना सांगताना मुलानेच सांगावे, सुनेवर ते काम टाकू नये. सुनेच्या तोंडून ऐकले की तक्रार वाटते.

ते दिवसभर घरात असतात आणि लहानसहान गोष्टींवरून खटके उडतात. काय करावे?

ज्याने वीस वर्षे घड्याळाच्या काट्यावर शिफ्ट केली त्याला रिकामा दिवस अंगावर येतो. त्याला घरातली ठरावीक कामे आपली म्हणून द्यावीत, पण ती "मदत" म्हणून नव्हे. पाणी भरणे, मुलांना शाळेत सोडणे, रेशन आणणे, बँकेच्या फेऱ्या. सकाळचे दोन-तीन तास काम शोधण्यासाठीच राखावेत. गावाकडे शेत असेल तर भाताच्या लावणीला किंवा रताळी-बटाट्याच्या काढणीला जावे. त्यातून मजुरी वाचते आणि माणूस चार जणांत मिसळतो. मात्र शेतावर गेला म्हणजे प्रश्न मिटला असे घरच्यांनी समजू नये आणि काम शोधणे सोडू नये.

कोपऱ्यावरचा माणूस विचारतो, "काय, आज कामावर नाही काय?" यावर "काम सुटलंय, कुठं असलं तर सांगा," एवढेच म्हणावे. पहिल्या वेळी जीभ जड होते, तिसऱ्या वेळी होत नाही.

नोकरी माझी गेली आहे, पतीची नाही. घरचे म्हणतात, "बरेच झाले, आता मुलांकडे बघता येईल."

खासगी शाळेतल्या शिक्षिका, दवाखान्यातल्या परिचारिका, शिलाई कारखान्यातल्या मुली यांच्या वाट्याला हे वाक्य हमखास येते आणि ते चांगल्या हेतूने बोललेले असले तरी जिव्हारी लागते. तिच्या पगारावर घराचा कोणता भाग चालत होता ते वहीत लिहून सर्वांसमोर ठेवावे. ग्रॅच्युइटी, पीएफ, ईएसआय हे सारे तिलाही तितकेच लागू आहे आणि तिने ते मागावे. निपाणीकडे कित्येक घरे वर्षानुवर्षे बायकांनी वळलेल्या विड्यांवर उभी राहिली आहेत, त्यामुळे स्त्रीची कमाई म्हणजे वरखर्च हे आपल्या भागात तरी कोणी म्हणू नये. नवऱ्याने तिच्यासाठी काम विचारत फिरावे, जसे ती त्याच्यासाठी फिरली असती.

ते फार खचले आहेत, रात्री झोपत नाहीत, पिऊ लागले आहेत.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि बोलणे बदललेले राहिले तर ते "टेन्शन" म्हणून सोडू नये. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात आणि धारवाडच्या डिम्हान्स संस्थेत मनोविकारतज्ज्ञ आहेत. "माझा काय उपयोग", "मी नसलो तर बरे" असे शब्द निघाले तर ते खरे मानावेत, माणसाला एकटे सोडू नये, आणि शेतात फवारायची औषधे त्याच दिवशी घराबाहेर कुलपात ठेवावीत. थेट विचारल्याने तो विचार मनात भरतो ही समजूत चुकीची आहे. थेट विचारल्याने माणूस बोलतो.

दारूच्या नशेत हात उगारला गेला तर नोकरी गेल्याचे कारण देऊन तो झाकू नये. १८१ किंवा ११२ वर फोन करावा आणि मुलांना घेऊन माहेरी किंवा शेजारी जावे. हे लिहिताना मला जड जाते, पण बेकारीची दया येऊन गप्प राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

कोल्हापूर, गोवा किंवा पुण्याला नोकरी मिळत असेल तर जावे का?

पगाराचा आकडा पाहून ठरवू नये, घरी पोहोचणारा आकडा पाहावा. खोलीभाडे, मेस आणि महिन्याच्या दोन खेपा वजा केल्यावर गोव्यातले १८,००० आणि इथले १३,००० यांत फारसे अंतर उरत नाही. निपाणीकरांना कागलची औद्योगिक वसाहत रोज जाऊन-येऊन करता येते, तशी बेळगावकरांना कोल्हापूरची जमत नाही. हत्तरगीकडच्या विमानभागांच्या कारखान्यांत यंत्रावर हात बसलेल्या माणसांना काम असते, तिथे आधी विचारावे. जायचेच ठरले तर पहिले तीन महिने एकट्याने जावे, घर हलवू नये, आणि रोज ठरलेल्या वेळी फोनवर मुलांशी बोलणे चुकवू नये.

हातात आलेल्या पैशातून स्वतःचा धंदा सुरू करावा का?

ग्रॅच्युइटीची सगळी रक्कम एका गाड्यात किंवा दुकानात घालू नये. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून नव्या उद्योगाला कर्जावर अनुदान मिळते, आणि अर्जदार स्त्री असेल तर ते ग्रामीण भागात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के आणि शहरात २५ टक्के असते. त्यासाठी आधी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेतले मोफत प्रशिक्षण घ्यावे. ज्या कामात हात आधीच बसला आहे तेच काम निवडावे. टर्नरने लेथचे जॉबवर्क करावे, हॉटेल काढू नये.

नवी नोकरी लागली. आता आधी काय करावे?

जुनाच यूएएन क्रमांक नव्या ठिकाणी द्यावा म्हणजे पीएफ जोडला जातो, आणि ईएसआयचा विमा क्रमांकही तोच चालू ठेवावा. पगार बहुधा आधीपेक्षा कमी असतो, म्हणून वही बंद करू नये. देणी फेडताना हातउसने देणाऱ्या माणसांचे पैसे आधी द्यावेत, मग व्याजाचे. ज्यांना काम सुटल्याचे सांगितले होते त्या सर्वांना, पिग्मीवाल्यासकट, काम लागल्याचेही आपणहून सांगावे. आम्ही सातव्या महिन्यात पतसंस्थेतून बोरमाळ सोडवली. सासूबाईंनी ती गळ्यात घातली नाही, फडक्यात गुंडाळून पुन्हा ट्रंकेत ठेवली आणि ट्रंकेची किल्ली माझ्याकडे दिली.